रक्ताच्या थेंबाचं वेळापत्रक: बायोचिपचा आराखडा संगणकाने का काढायचा?

‘बोटातल्या एका थेंबात डझनभर चाचण्या, निकाल काही मिनिटांत’ अशा अर्थाची बातमी दर काही महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरते. मग वाचणाऱ्यांचे दोन तट पडतात. एकाला वाटतं, पॅथॉलॉजी लॅब आता बंद पडणार. दुसरा म्हणतो, थोतांड आहे सगळं, अमेरिकेत त्या बाईला याच धंद्यापायी तुरुंगात टाकलं. दोघांच्याही बोलण्यात एक प्रश्न येतच नाही: असं उपकरण बनवताना त्याच्या आतल्या नळ्या, झडपा आणि वाटा कुठून कुठे जाणार, हे ठरवतं कोण?

आजही बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ‘एक चिकाटीचा पीएच.डी. विद्यार्थी’ असंच आहे. हे काम संगणकाकडून करून घ्यायचं, म्हणून गेली वीसेक वर्षं संशोधकांचा एक गट झटतो आहे. यात चमत्कार काही नाही; वेळापत्रकं, नकाशे आणि अपूर्णांक आहेत. पण चिप लहान करण्यापेक्षा तिचा आराखडा काढणं हेच जास्त अवघड निघालं, आणि शेकडो चाचण्या चिपवर कधी आल्याच नाहीत याचं एक मोठं कारण इथेच आहे, असं मला वाटतं.

चाचणी म्हणजे द्रवांची ने-आण

रक्ताची नळी लॅबमध्ये पोचल्यावर काय होतं? नमुन्याचा ठराविक भाग मोजून घेतात, त्यात रसायन मिसळतात, गरम करतात किंवा नुसतं थांबतात, नको ते धुऊन टाकतात आणि शेवटी रंग, प्रकाश किंवा विजेतला बदल मोजतात. चाचणी साखरेची असो की क्षयाची, क्रियांची यादी जवळपास एवढीच असते. छोट्या लॅबमध्ये हे टेक्निशियन पिपेटने करतो, मोठ्या लॅबमध्ये यंत्र करतं.

हीच कामं केसाच्या जाडीच्या नळ्यांमधून करून घेण्याच्या तंत्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात आणि ज्या तबकडीवर ती होतात तिला बायोचिप. मापांचा अंदाज असावा म्हणून सांगतो. मिलिलीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोलीटर. शिरेतून घेतलेलं रक्त काही मिलिलीटर असतं, बोट टोचून आलेला थेंब साधारण २० ते ५० मायक्रोलीटरचा, आणि चिपवर फिरणारा थेंब एक मायक्रोलीटर किंवा त्याहूनही लहान. अख्खी प्रयोगशाळाच अशी एका तबकडीवर आणावी, ही कल्पना १९९० साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे, सिबा-गायगी कंपनीत काम करणाऱ्या आंद्रेआस मान्झ आणि सहकाऱ्यांनी मांडली.

याचा सगळ्यात साधा अवतार तुम्ही हाताळलाही असेल. घरी करायची गर्भचाचणीची पट्टी, किंवा मे २०२१ मध्ये परवानगी मिळालेलं पुण्याच्या मायलॅबचं कोविसेल्फ हे कोविड किट. त्या पट्टीत पंप नाही, झडप नाही. कागदासारख्या पडद्यात द्रव आपोआप पुढे ओढला जातो आणि वाटेत लावून ठेवलेल्या रसायनांना एकामागून एक भेटतो. पट्टीची लांबी आणि रसायनांच्या जागा हाच तिचा आराखडा.

पुढची पायरी पाहायची तर गोव्यात जावं लागेल. मोल्बिओ डायग्नॉस्टिक्सचं ट्रूनॅट हे यंत्र क्षयरोगाच्या निदानासाठी देशभर वापरलं जातं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची शिफारस केली. बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज बेभरवशाची असली तरी काम अडत नाही. रुग्णाच्या बेडक्यातून जंतूंचा डीएनए काढण्याचं काम एक वेगळं यंत्र कार्ट्रिजमध्ये आपोआप करतं. मग तो डीएनए असलेला द्रव माणूस पिपेटने उचलतो आणि चिपवर सोडतो. चिपवर पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया, होते. जंतू सापडला तर तो रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतो का, हे पाहायला दुसरी चिप. एका चिपला एकच काम, आणि दोन यंत्रांच्या मधे माणसाचा हात. हे उणं म्हणून सांगत नाही. यंत्र शेतातल्या वस्तीपर्यंत पोचवायचं तर असा साधेपणा शहाणपणाचाच. पण दहा पायऱ्यांची चाचणी घेतली तर हे पिपेटने उचलणं दहा वेळा करावं लागेल, आणि मग चिपचा फायदा काय उरला?

तिथे पाणी वेगळं वागतं

दहाही पायऱ्या चिपवरच करायच्या ठरवल्या की पहिली अडचण येते ती मिसळण्याची. कपातल्या चहात चमचा फिरवला की भोवरे उठतात आणि साखर सगळीकडे जाते. शंभर मायक्रॉन रुंदीच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या नळीत भोवरे उठतच नाहीत. दोन द्रव शेजारी-शेजारी सोडले तर ते न मिसळता तसेच समांतर वाहत जातात. रेणू आपले आपण इकडून तिकडे सरकतील तेवढंच मिसळणं.

हे सरकणं अंतराच्या वर्गाच्या हिशेबात मंदावतं. लहान रेणूला शंभर मायक्रॉन पार करायला साधारण पाच सेकंद लागतात, तर एक मिलिमीटर पार करायला दहापट नाही, शंभरपट, म्हणजे आठ-नऊ मिनिटं. प्रथिनांसारखे मोठे रेणू त्याहून दहापट आळशी. म्हणून चिपवर नागमोडी नळ्या, गोल फिरणाऱ्या वाटा असे खास मिसळकप्पे काढावे लागतात. नळी किती लांब, वळणं किती, द्रवाचा वेग किती, यातलं एक बदललं की बाकीची गणितंही बदलतात.

दोन घराणी

बायोचिपची दोन मोठी घराणी आहेत, आणि संगणकाला दोघांसाठी वेगवेगळा विचार करावा लागतो.

पहिलं झडपांचं. २००० साली कॅल्टेक या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठात स्टीफन क्वेक यांच्या गटाने मऊ सिलिकॉन रबराचे दोन थर एकावर एक ठेवून झडप केली. एका थरातल्या नळीतून नमुना वाहतो. दुसऱ्या थरातली नळी तिला आडवी ओलांडते. या दुसऱ्या नळीत हवेचा दाब दिला की मधला रबरी पडदा फुगतो आणि पहिली नळी बंद होते. दाब काढला की उघडते. अशा तीन झडपा ओळीने ठेवून क्रमाने उघडझाप केली की पंप तयार. दोनच वर्षांत, २००२ साली, याच गटाने हजारो झडपांच्या चिप करून दाखवल्या.

आता प्रत्येक झडपेला बाहेरून हवेची वेगळी नळी जोडायची म्हटली तर हजार नळ्यांचं जंजाळ होईल. त्यावरची युक्ती सुंदर आहे. समजा नमुन्याच्या १०२४ नळ्या आहेत. प्रत्येक नळीला शून्य आणि एक वापरून दहा अंकी क्रमांक द्यायचा. प्रत्येक अंकासाठी हवेच्या दोन वाटा ठेवायच्या. अंक शून्य असलेल्या सगळ्या नळ्या एक वाट बंद करते, अंक एक असलेल्या दुसरी. मग २० वाटांपैकी नेमक्या १० मध्ये दाब दिला की १०२३ नळ्या बंद आणि हवी ती एकच उघडी. हजाराच्या जागी वीस! पण ही वीस वाटांची जाळी कुठे कशी ओलांडायची, हे आखून द्यायचं काम उरतंच.

दुसरं घराणं थेंबांचं. इथे नळ्याच नाहीत. बुद्धिबळाच्या पटासारखे इलेक्ट्रोडचे चौकोन असतात, त्यांवर पाणी न धरणारा लेप, आणि वर एक सुटा थेंब. शेजारच्या चौकोनाला विजेचा दाब दिला की तिथल्या पृष्ठभागाला थेंब जास्त चिकटू पाहतो आणि तिकडे सरकतो. विजेने द्रवाचा पृष्ठभाग बदलतो, हे गॅब्रिएल लिपमन यांनी १८७५ साली पाऱ्यावर दाखवलं होतं (त्यांना नोबेल मिळालं ते मात्र रंगीत फोटोसाठी). २००० साली ड्यूक विद्यापीठात रिचर्ड फेअर यांच्या गटाने त्यावर थेंब चालवून दाखवले. या चिपचं मोठं बलस्थान म्हणजे पट तोच राहतो, कोणता चौकोन कधी चालू करायचा एवढंच बदलतं. म्हणजे चिप यंत्र झाली आणि चाचणी प्रोग्राम.

हाताने का जमेना

दहा-वीस झडपांची चिप हुशार माणूस ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने काढतो, आणि काढतातच. १९७१ साली इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये जेमतेम २३०० ट्रान्झिस्टर होते, तेव्हा त्याचाही आराखडा असाच माणसांनी काढला होता. पुढे आकडा लाखांत गेला आणि इलेक्ट्रॉनिक्सने हे काम प्रोग्रामांवर सोपवलं. आजचा अभियंता ‘या दोन संख्यांची बेरीज करून तिथे ठेव’ असं लिहितो, तारा कुठून जाणार हे प्रोग्राम पाहतो. बायोचिपवाल्यांना नेमकं हेच हवं आहे: ‘नमुना सोळापट सौम्य कर, एन्झाइम मिसळ, ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेव, रंग मोज’ एवढं लिहावं आणि चिपचा नकाशा हातात पडावा. अशा सूचना नि:संदिग्ध लिहिता याव्यात म्हणून बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये २०१० साली बायोकोडर नावाची भाषाही तयार झाली होती. प्रयोगशाळांतल्या कृती ‘थोडा वेळ हलवा’ छापाच्या असतात. संगणकाला ‘थोडा’ म्हणजे किती ते कळत नाही.

सूचना मिळाल्यावर प्रोग्राम आधी वेळापत्रक बसवतो. दोन शेगड्या, एक कुकर आणि एक मिक्सर असलेल्या घरात वीस माणसांचा स्वयंपाक करायचा आहे असं समजा. वाटण झाल्याशिवाय भाजी टाकता येत नाही, कुकर उतरल्याशिवाय वरणाला फोडणी नाही, पोळ्या सुरू असतील तर एक शेगडी अडलेली, आणि आधी तळलेले पापड जेवायच्या वेळेपर्यंत मऊ पडणार. चिपवरही अगदी हेच. मिसळकप्पे दोनच, तापवायची जागा एक, आणि तयार झालेलं मिश्रण फार वेळ ठेवलं तर एन्झाइम निकामी होतं किंवा थेंब सुकतो. एकमेकांवर अवलंबून नसलेली दहा कामं असतील तर त्यांचे क्रम ३६ लाख २८ हजार ८०० होतात. वीस झाली की तो आकडा १९ अंकी होतो. सगळे तपासून सर्वोत्तम निवडणं महासंगणकालाही परवडत नाही. म्हणून प्रोग्राम ‘पुरेसा चांगला’ क्रम शोधतात, आणि या क्षेत्रातलं निम्मंअधिक संशोधन ‘पुरेसा चांगला’ चटकन कसा सापडेल यावरच आहे.

वेळापत्रक ठरलं की कोणतं काम कोणत्या कप्प्यात, तो कप्पा चिपवर कुठे, आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायची वाट कोणती, हे ओळीने येतं. यातलं प्रत्येक उत्तर आधीचं उत्तर बिघडवू शकतं. वाट लांब पडली की वेळापत्रक चुकलं, पुन्हा पहिल्यापासून.

पाच-षोडशांशाचं कोडं

संगणक वापरून नेमकी कशाची बचत होते, हे मला सगळ्यात स्वच्छ कळलं ते सौम्य करण्याच्या गणितातून. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर दोन मिनिटांचं काम आहे.

थेंबांच्या चिपवर एकच क्रिया भरवशाने जमते: दोन सारखे थेंब एकत्र करायचे आणि त्या मोठ्या थेंबाचे पुन्हा दोन सारखे भाग करायचे. अर्धा, पाव, तीन-अष्टमांश असे भाग मोजून घ्यायला तिथे पिपेट नाही. समजा आपल्याला नमुना ५/१६ इतका सौम्य हवा आहे. शुद्ध नमुना म्हणजे १, त्यात घालायचं सौम्य करणारं द्रावण म्हणजे ०.

एमआयटीतल्या एका गटाने याची एक सरळ रीत दिली. ५ ही संख्या चार अंकी बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहा: ०१०१. आता उजवीकडून वाचत जा. द्रावणाचा एक थेंब घेऊन सुरुवात करा. अंक १ आला की शुद्ध नमुन्यात मिसळा, ० आला की द्रावणात. पहिला अंक १: ० आणि १ मिळून १/२. पुढचा ०: १/२ आणि ० मिळून १/४. पुढचा १: १/४ आणि १ मिळून ५/८. शेवटचा ०: ५/८ आणि ० मिळून ५/१६. चार पायऱ्यांत उत्तर. रीत अशी की कोणत्याही सोळांशासाठी डोळे मिटून चालते.

पण हिशेब तपासा. दर पायरीला दोन थेंब होतात आणि आपण एकच पुढे नेतो. शेवटी ५/१६ चे दोन थेंब मिळतात खरे, पण वाटेत १/२, १/४ आणि ५/८ असे तीन थेंब वाया गेले. शुद्ध नमुन्याचे दोन थेंब खर्ची पडले.

आता हेच दुसऱ्या वाटेने. ० आणि १ मिळून १/२ चे दोन थेंब. त्यातला एक आणि ० मिळून १/४ चे दोन. मघाशी उरलेला १/२ आणि यातला एक १/४ मिळून ३/८ चे दोन. यातला एक ३/८ आणि उरलेला १/४ मिळून ५/१६ चे दोन. पायऱ्या तेवढ्याच, चार. पण शुद्ध नमुना एकच थेंब लागला, आणि वाया गेला तोही एकच, ३/८ चा. उरलेला थेंब फेकायचा नाही, पुढच्या पायरीला वापरायचा, एवढीच युक्ती. ही कल्पना २०१० साली सुदीप रॉय, भार्गव भट्टाचार्य आणि कृष्णेंदू चक्रवर्ती यांनी नीट रीत म्हणून मांडली. कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट या विषयातलं एक मोठं केंद्र आहे.

नमुना नवजात बाळाच्या टाचेतून काढलेला असेल तर एका थेंबाचा फरक म्हणजे चैन नव्हे. आणि इथे तर दोनच द्रव होते. पीसीआरच्या मिश्रणात सात द्रव लागतात. संशोधक त्याचं प्रमाण सोळा भागांत २:१:१:१:१:१:९ असं बसवतात. त्यात कोणता उरलेला थेंब कुठे कामी येईल, हे हाताने शोधायला बसलं तर दुपार जाईल आणि तरी खात्री नाही.

थेंबांची वाहतूक

पटावर एकाच वेळी आठ-दहा थेंब फिरत असतील तर एक नियम मोडून चालत नाही: कोणत्याही दोन थेंबांमध्ये निदान एक रिकामा चौकोन हवा, तिरपासुद्धा. नाहीतर ते एकमेकांत मिसळून मोकळे होतात आणि कुणाचं रक्त कुणात गेलं ते कळतही नाही. शिवाय थेंब जिथून जातो तिथे प्रथिनांचा पुसटसा माग राहतो. दुसऱ्या रुग्णाचा थेंब त्याच वाटेने नेला तर तो माग उचलतो. मग त्या वाटेवरून आधी धुण्याचा थेंब फिरवावा लागतो, आणि त्यालाही वेळापत्रकात जागा हवी.

आणखी एक गोष्ट प्रोग्रामांना सुरुवातीला ठाऊक नव्हती. थेंबाचे दोन भाग नेहमी सारखे होत नाहीत. एक थोडा मोठा निघाला की पुढचं सगळं प्रमाण चुकतं. आता चिपवरचे संवेदक थेंबाचं माप तपासतात, गडबड दिसली की तेवढीच पायरी पुन्हा करायला सांगतात आणि उरलेलं वेळापत्रक चालता चालता बदलतात. हे माणसाने बसल्या जागी करणं अशक्यच.

‘संगणकाला जीवशास्त्र कुठे कळतं?’

नाही कळत, आणि हा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ट्रान्झिस्टर आज्ञाधारक असतो. दिलेल्या दाबाला ठराविक वागतो, कोट्यवधी एकसारखे बनवता येतात. रक्त तसं नाही. एकाचं घट्ट, एकाचं पातळ, पेशी नळीच्या भिंतीला चिकटतात, एखादा हवेचा बुडबुडा अख्खी वाट अडवतो. झडपांच्या चिपचं सिलिकॉन रबर काही औषधांचे रेणू स्वतःच शोषून घेतं. म्हणजे मोजायला गेलेलं औषध मोजायच्या आधीच भिंतीत जिरलं. नकाशा निर्दोष असला तरी यातलं काहीही त्याला चुकवू शकतं.

म्हणून प्रोग्रामकडून रसायन शोधायची अपेक्षा नाही. जीवशास्त्रज्ञाने हाताने जमवलेली, तपासलेली कृती चिपवर बसवून देणं एवढंच त्याचं काम. ते जमलं तरी पुष्कळ आहे.

‘हे थेरानोससारखंच नाही का?’

सुरुवातीला उल्लेख आला त्या बाईची ही अमेरिकी कंपनी. बोटातल्या रक्ताच्या थेंबात ढीगभर चाचण्या करून देतो, असा तिचा दावा. थेरानोस २००३ साली सुरू झाली. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने तिचे दावे पोकळ असल्याचं छापलं. संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना जानेवारी २०२२ मध्ये गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं आणि पुढे ११ वर्षांहून अधिक शिक्षा झाली. फसवणूक ती फसवणूकच. पण त्यातून ‘चिप म्हणजे खोटं’ असा निष्कर्ष काढण्याऐवजी तिथे कोणती भिंत आडवी आली ते पाहणं जास्त उपयोगाचं.

ती भिंत साध्या गणिताची आहे. समजा एखाद्या रुग्णाच्या एक मिलिलीटर रक्तात २० जंतू आहेत. दहा मायक्रोलीटरचा थेंब घेतला तर त्यात सरासरी ०.२ जंतू येणार. म्हणजे अशा पाच थेंबांपैकी साधारण चारांत एकही जंतू नसेल. मग जगातली सर्वोत्तम चिप आणि सर्वोत्तम प्रोग्राम आणला तरी ‘जंतू नाही’ असंच उत्तर येणार. नसलेली गोष्ट मोजता येत नाही. शिवाय बोट दाबून काढलेल्या रक्तात पेशींच्या भोवतालचं पाणी मिसळतं आणि काही पेशी फुटतात, त्यामुळे पोटॅशियमसारखे आकडे फसवे येतात. साखर रक्तात भरपूर असते, म्हणून ग्लुकोमीटरला थेंब पुरतो. क्षयाचे जंतू विरळ असू शकतात, म्हणून तिथे बेडक्यातून डीएनए आधी गोळा करावा लागतो. कोणती चाचणी थेंबात बसते आणि कोणती नाही, हे चाचणीगणिक ठरतं. जो कोणी ‘सगळ्या चाचण्या एका थेंबात’ म्हणेल त्याच्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

‘मग आपल्या दवाखान्यात का दिसत नाहीत?’

थेंबांच्या चिप दवाखान्याच्या दारापर्यंत पोचल्या आहेत, पण मोजक्या. ड्यूकमधून निघालेल्या माणसांच्या बेबीज या कंपनीच्या सीकर यंत्राला फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी दिली. नवजात बाळाच्या वाळवलेल्या रक्ताच्या डागावरून ते चार दुर्मिळ चयापचय विकारांची चाळणी करतं. टोरांटो विद्यापीठात ॲरन व्हीलर यांच्या गटाने प्रिंटरवर छापलेल्या स्वस्त कार्ट्रिज घेऊन केनियातल्या काकुमा निर्वासित छावणीत गोवर आणि रुबेलाच्या प्रतिकारशक्तीची तपासणी केली. ते काम २०१८ साली प्रसिद्ध झालं.

बाकी ठिकाणी गाडी अडते ती दोन कारणांनी. एक तर चिप टपालाच्या तिकिटाएवढी असली तरी तिच्याभोवतीचे पंप, झडपांचे खोके, गॅसचा सिलिंडर आणि सूक्ष्मदर्शक यांनी टेबल भरतं. ‘चिपवरची प्रयोगशाळा नव्हे, प्रयोगशाळेतली चिप’ असा टोमणा याच क्षेत्रातली माणसं मारतात. दुसरं कारण मला जास्त खटकतं. आराखडा काढणारे प्रोग्राम बहुतांशी संगणकवाल्यांनी संगणकवाल्यांसाठी लिहिले. त्याच त्या ठराविक नमुना-चाचण्यांवर ‘आमचा प्रोग्राम तुमच्यापेक्षा इतके टक्के वेगवान’ अशी स्पर्धा लागते. त्या नकाशाची चिप प्रत्यक्षात ओतून, त्यात द्रव घालून पाहणं मागे राहतं. इलेक्ट्रॉनिक्समध्ये कारखाना आपले नियम छापून देतो, दोन तारांत किती अंतर हवं वगैरे. बायोचिपमध्ये प्रत्येक प्रयोगशाळेचं रबर, साचा, नळीची खोली वेगळी. एकाचा नकाशा दुसऱ्याकडे गळतो.

हे बदलतं आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातल्या गटाने २०१६ पासून कोलुंबा नावाची साधनं आणली, ज्यात नमुन्याच्या आणि हवेच्या नळ्यांचा विचार वेगवेगळा न करता एकत्र होतो. बोस्टन विद्यापीठात डग्लस डेन्समोर यांच्या गटाने कुणालाही फुकट वापरता येईल असं सॉफ्टवेअर दिलं. कॉलेजातल्या एखाद्या जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला चिप काढून पाहायची असेल तर सुरुवात तिथून करता येते.

टेक्निशियनच्या नोकरीचं काय, असंही विचारलं जातं. रक्त घ्यायला, नमुना बिघडला आहे हे ओळखायला आणि संशयास्पद निकाल दुसऱ्या पद्धतीने पडताळायला माणूस लागतोच. कमी होईल ते दिवसभर पिपेट दाबणं, आणि अंगठा दुखेपर्यंत ते केलेल्या कुणालाही त्याचं दुःख होणार नाही.

मंजुरी कुणाला द्यायची?

भारतात अशा निदान-उपकरणांना २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवानगी लागते, आणि चुकीच्या निकालाचा धोका किती यावरून त्यांचे अ ते ड असे वर्ग पडतात. एका चाचणीची एक ठरलेली चिप असेल तर काम सरळ: ठाऊक असलेल्या नमुन्यांवर ती तपासा, चुका मोजा, निर्णय द्या. पण तोच पट आणि रोज नवा प्रोग्राम असेल तर तपासायचं काय? चिप, प्रोग्राम, की प्रोग्राम लिहिणारा प्रोग्राम? चालता चालता वेळापत्रक बदलणाऱ्या चिपवर तर दोन रुग्णांचे थेंब दोन वेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, आणि दोन्ही वाटांनी आलेला आकडा तितकाच विश्वासाचा आहे हे निर्मात्याला दाखवून द्यावं लागेल. हॅकिंगची भीतीही काल्पनिक नाही. कुणी प्रोग्राममधली एक मिसळायची पायरी बदलली तर निकाल चुकेल आणि चिप वरून धडधाकटच दिसेल, हे संशोधकांनी २०१६ च्या सुमारासच दाखवलं आहे.

सध्या यावरचा व्यवहारी तोडगा असा की कंपनी आराखडा काढताना हवी तेवढी संगणकाची मदत घेते, पण परवानगी मागते ती एका गोठवलेल्या आराखड्यासाठी आणि ठरावीक चाचण्यांसाठी. चाचणी बदलली की कागदपत्रं नव्याने. रोज नवा प्रोग्राम चालवणाऱ्या चिप तूर्त संशोधनाच्या टेबलावर आहेत; तिथे निकाल चुकला तर प्रयोग पुन्हा करता येतो.